तीनशे अठरानंतर

१

कामठी रोडच्या आत, गोदामांच्या रांगेत, आमची कोअर शेड आहे. मशीनने जमिनीत भोक पाडलं की आतून दगडाचा गोल दांडा निघतो, मुठीत मावेल एवढा जाड. त्याला कोअर म्हणतात. कोळसा कुठे लागला, किती खोल लागला, हे त्याच्यावरून समजतं, म्हणून तो फेकत नाहीत. खाचा असलेल्या लांब पेटीत डावीकडून उजवीकडे मांडून ठेवतात. दर तीन मीटरला एक लाकडाचा गुटका आणि त्यावर मार्करने खोली लिहिलेली. अशा चार हजार पेट्या माझ्या ताब्यात होत्या.

त्याआधी तीस वर्षं मी ड्रिलर होतो. मशीनच्या आवाजाने उजवा कान गेला, तेव्हा कंपनीने शेडवर बसवलं. सकाळी नऊला शटर वर. कबुतरं हाकलायची, झाडू मारायचा, एक फेरी. संध्याकाळी पाचला दुसरी फेरी आणि कुलूप. बाहेर गेटवर नत्थूजी बसतो, तो चौकीदार. दिवसभरात दोन वेळा चहा. असं काम गाढवालाही जमेल, पण गाढव कबुतरं हाकलत नाही.

एप्रिलची पंधरा तारीख, सोमवार. आदल्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत चालून पाय धरले होते, म्हणून संध्याकाळची फेरी हळूहळू मारत होतो. अकराव्या रॅकला खालच्या फळीवर केपी-एकतीसच्या पेट्या आहेत. सोळा वर्षांपूर्वीचं भोक, तीनशे अठरा मीटरवर बंद केलेलं. त्याच्या शेवटच्या पेटीत पाचपैकी तीन खाचा रिकाम्या होत्या. रोज पाहतो, मला माहीत आहे.

त्या तीन खाचांत कोअर होता. आणि तो ओला होता.

नागपुरात एप्रिलमध्ये ओला टॉवेल वीस मिनिटांत पापडासारखा होतो.

२

"नत्थूजी, पेटीत कोणी हात घातला गा?"

"मले काय करायचं तुमच्या गोट्याचं? दगडं नेऊन मी का बंगला बांधू?"

"कोणी आलं होतं का आत?"

"तुमी होते आत. मी गेटवर होतो. मधात कुत्रं होतं, ते झोपलं होतं. कुत्र्याले विचारा."

नत्थूजीचा गुडघा असा आहे की तो स्वतःला उचलतो तेच पुष्कळ. भरलेली पेटी दोन माणसांशिवाय हलत नाही. त्याच्यावरचा संशय मी तिथेच सोडला.

मग गुटका पाहिला. आधीच्या गुटक्यावर ३१८, माझ्या हातचं. नवीन कोअर कुठूनही आला असला तरी त्यापुढच्या गुटक्यावर ३२१ पाहिजे. लिहिलं होतं ३१५. अक्षर चांगलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं.

कोअरचं टोक पाहिलं. मशीन कोअर खालून पकडून तोडतं, तेव्हा खालच्या टोकाला पकडीचे ओरखडे राहतात. तीस वर्षांत याच्याशिवाय दुसरं मी पाहिलं नाही. इथे ओरखडे दुसऱ्या टोकाला होते. म्हणजे पकडणारा खाली होता आणि दगड त्याच्या वर होता.

आमच्या घरात भूतखेत नाही. छप्पन साली माझा बाप सगळं दीक्षाभूमीवर सोडून आला, ते मी परत उचलणार नाही. माझं उभं आयुष्य जमिनीत भोकं पाडण्यात गेलं. खाली दगड आहे, पाणी आहे, कोळसा आहे. बाकी काही नाही. मी कुलूप लावलं आणि घरी गेलो.

३

दुसऱ्या दिवशी एक चूक केली. चूक म्हणजे सवय. कोअर आला आणि पेटी भरली की माणूस पुढची रिकामी पेटी सरकवतो. तीस वर्षं हाताने हेच केलं. डोकं वेगळा विचार करत होतं आणि हातांनी रिकामी पेटी आणून त्या पेटीच्या शेजारी लावली.

संध्याकाळी ती भरलेली होती आणि उरलेला कोअर खाली जमिनीवर पोत्यावर मांडला होता. गुटके तीन. ३१२, ३०९, ३०६.

पेट्या कमी पडल्या की आम्हीही साइटवर असंच पोतं अंथरायचो.

मग मी पेटी ठेवली नाही. फरक पडला नाही, पोतं होतंच. कोअर धुळीत पडलेला मला पाहवला नाही, म्हणून परत पेट्या लावायला लागलो. दिवसाला तीन गुटके. नऊ मीटर. आमच्या पाळीला बरोबर एवढंच निघायचं.

पाहत बसायचाही प्रयत्न केला. स्टूल टाकून रॅकसमोर बसलो, सकाळपासून. काही होत नाही. मग एक कबुतर फडफडलं, मी मान वळवली, परत पाहिलं तर एक खाच भरलेली. आवाज नाही. डावा कान माझा चांगला आहे. फक्त दगडाचं पाणी खाचेतून टपकत होतं, टप, टप, आणि थांबलं.

रविवारी शेड बंद असते. सोमवारी सकाळी उघडून पाहिलं, रविवारचं काही नव्हतं. पुढच्या रविवारीही नाही. एक मेला सुट्टी होती, त्या दिवशीही नाही. जो कोणी होता तो सुट्टी पाळत होता. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. दगड आपोआप येत असता तर रविवारी काहून थांबला असता?

४

गार्गी मॅडम दर गुरुवारी येते. सव्वीस वर्षांची पोरगी, भूगर्भ शिकलेली, कोअरचे फोटो काढते आणि फोनवर कोणाशी तरी भांडते. पहिल्याच गुरुवारी तिला नेऊन दाखवलं. तोपर्यंत दोनशे नव्वदच्या आसपास आलं होतं, काळा कोळसा लागला होता, चकचकीत.

"काका, रिकव्हरी शंभर टक्के आहे इथे. एक तुकडा हरवला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे आपल्या कंपनीचं काम नाही." ती हसली. मग खाली वाकून पाहिलं. "पण थर एकतीसचेच आहेत. फक्त उलटे. कोणीतरी पेट्या उलट्या भरल्या."

"मॅडम, खालून वर ड्रिल करते का कोणी?"

"करतात ना. खाणीत उभं राहून छतात करतात."

"एकतीसच्या खाली खाण आहे?"

"तिथे? काहीच नाही. ती जागा कंपनीने सोडून दिली, काका. आता तर प्लॉट पडले तिकडे." तिचा फोन वाजला. "एक मिनिट हं." ती बाहेर गेली, आणि गेली ती गेलीच.

प्लॉट पडले हे तिने मला सांगायची गरज नव्हती.

५

आता सांगतो. याआधी कोणाला सांगितलं नाही.

केपी-एकतीस मी पाडलं. खापरखेड्याच्या अलीकडे एक शेत होतं, बांधावर कडुनिंब. भोक संपलं की ते तळापासून सिमेंटने भरायचं असतं. तसा नियम आहे. तीनशे अठरा मीटर भरायला दोन दिवस लागतात, आणि मशीन दुसऱ्या दिवशी उमरेडला हवं होतं. मी वीस मीटरवर पोती कोंबली, वर चार घमेली सिमेंट ओतलं, तोंडावर नंबरचा खांब रोवला आणि भोक पूर्ण भरलं म्हणून सही केली. सगळे असंच करायचे. मी सगळ्यांपेक्षा वाईट नव्हतो.

आठ वर्षांनी तिथे लेआउट पडला. माझी पोरगी रोशनी आणि जावई प्रेमानंद, तो पॉवर स्टेशनमध्ये कंत्राटावर आहे, त्यांना प्लॉट घ्यायचा होता. दाखवायला गेलो तर कडुनिंब ओळखीचा निघाला. गवतात खांब होता, केपी ३१, माझ्या हातचा. प्लॉट चांगला होता, पूर्वेला तोंड, रोडला लागून. प्रेमानंद वहमी माणूस, खांब पाहिला असता तर नको म्हणाला असता. मी रजिस्ट्रीच्या आधी एकटा गेलो, सब्बलने खांब उपटला आणि नाल्यात टाकला.

घर बांधताना मिस्त्रीला सांगितलं, या कोपऱ्यात कॉलम घेऊ नको, इथे स्वयंपाकघर घे. त्याने घेतलं. फरशी मी स्वतः जरीपटक्यातून आणली, पांढरी, निळ्या फुलाची. एक कमी पडली. दुकानदाराने पिस्ता रंगाची एक फुकट दिली. ती नेमकी त्या कोपऱ्यात बसवली, कारण तिथे तांदळाची कोठी ठेवायची होती, दिसली नसती.

भोकाचं तोंड त्या एका फरशीखाली आहे. हे फक्त मला माहीत होतं. मला असं वाटत होतं.

६

मे संपत आला तसे आकडे लहान होत गेले. दोनशे, दीडशे, नव्वद. मी थर ओळखत होतो, जसे पाडले तसेच, फक्त परत येताना. कोळसा सुटला, करडी माती सुटली, मग कामठीचा तांबडा वाळूदगड लागला आणि किती तरी दिवस तोच राहिला. सिमेंट आणि पोती ज्या खोलीवर होती तिथे कोअर निव्वळ दगडाचा होता. जुन्या भोकातून तो येत नव्हता, त्याच्या बाजूने येत होता. माझं सिमेंट त्याला आडवं आलंच नाही. पूर्ण भरलं असतं तरी आलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं की खोटं मला माहीत नाही.

पंचवीस मे, शनिवार. संध्याकाळी गुटका ९. त्याच्याआधी पिवळी माती.

मातीचा कोअर निघत नाही. पाण्याने धुऊन जाते. आम्ही वरचे दहा-बारा मीटर पेटीत कधी ठेवलेच नाहीत, कारण ठेवायला हातात काही येतच नाही. इथे मातीचा दांडा होता, गुळगुळीत, दगडासारखा कापलेला. त्यात एक बारीक मूळ आडवं कापलं होतं. मी चाटून पाहिलं. कडू.

रविवारी खापरखेड्याची ऑटो पकडून रोशनीकडे गेलो.

"अगंबाई, बाबा! फोन नाही, काही नाही. काय झालं?"

"काही नाही. फरशी कशी आहे तुझ्या किचनची?"

"घ्या! पोरीची तब्येत नाही विचारत, फरशीची विचारून राहिले. मस्त आहे फरशी, तिले ताप नाही."

"कोठी सरकव."

"काहून?"

"सरकव म्हणलं नं वं!"

प्रेमानंद आणि मी कोठी ओढून दुसऱ्या भिंतीला लावली. पिस्ता फरशी होती तशी होती. ना चीर, ना डाग. मी खाली बसून तळहात ठेवला. ड्रिलर रॉडवर हात ठेवतो तसा. खाली बिटचं टोक कशात फिरतं आहे, दगड कडक आहे की मऊ, ते हाताला समजतं, कान लागत नाही. बराच वेळ ठेवला. काही नव्हतं.

"सासरेबुवाले ऊन लागलं," प्रेमानंद हळूच म्हणाला. बहिऱ्याजवळ माणसं हळू बोलतात, हा मूर्खपणा आहे. दुसरा कान असतो.

मी जेवलो, आंबे खाल्ले, हलका होऊन परत आलो. रविवार आहे, हे माझ्या लक्षात बसस्टॉपवर आलं.

७

सोमवारी मी रोशनीकडे न जाता शेडमध्येच थांबलो. लोक विचारतील, काहून थांबला? मला पाहायचं होतं. हे जर नऊवर थांबलं तर मी म्हातारा झालो, एवढंच. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

अकरा वाजता गुटका ६.

दोन वाजता ३. काळी माती, गवताच्या मुळ्या, बांगडीचा हिरवा तुकडा.

मी रोशनीला फोन लावला. मागे मशीनचा आवाज येत होता, खडखडखड. आधी मला ते ड्रिलचं वाटलं. मग समजलं, शिलाई मशीन. रोशनी घरी ब्लाउज शिवते.

"बोला बाबा."

"कुठं बसली आहेस?"

"कोठीच्या जागी. तुमी जागा करून दिली नं, तर मशीन इथंच आणली. काय मस्त गारवा येते, बाबा, खालून! बाहेर सेहेचाळीस आहे आणि मी इथं पंख्याबिगर बसली. आता मी इथून हलत नाही, लग्नाचे बारा ब्लाउज आहेत."

"ऊठ तिथून."

"हं?"

"ऊठ म्हणतो! आत्ताच्या आत्ता ऊठ, मशीन उचल तिथून!"

"ओरडता काहून बाबा? काय झालं तरी काय?"

मी निघालो. शटर ओढायच्या आधी मागे पाहिलं. पाहायचं नव्हतं. शेवटच्या खाचेत मुरूम होता, मग रेती, मग सिमेंटचा गिलावा, मग गुटका. त्यावर शून्य. आणि गुटक्याला टेकून एक गोल चकती, रुपयापेक्षा मोठी, कडा नवीन, चमकती.

पिस्ता रंगाची.

ती खिशात टाकली. किल्ली नत्थूजीकडे फेकली.

"अकराव्या रॅकले रिकामी पेटी ठेवू नको गा. पोतं उचलून टाक."

"तुमी कुठं चालले?"

"सुट्टीवर."

"एवढी घाई सुट्टीची? मरायले जाऊन राहिले जसे!"

८

रोशनी उठली नव्हती. मशीनवर बसली होती, पाय पायडलवर, पायाखाली पिस्ता फरशी. अख्खी. खिशातली चकती काढून फरशीवर ठेवली, रंग तोच, दाणा तोच. फरशीला टिचकी मारली. शेजारच्या फरश्या टणटण वाजतात. ही पोकळ वाजली.

सगळं सांगितलं मी तिला. खांब, सही, सिमेंट, पेट्या. परत परत सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचे डोळे भरून येत होते, पण भीतीने नाही. तिने मला कैरीचं पन्हं दिलं, डोक्याला ओलं फडकं बांधलं. प्रेमानंदला फोन करून म्हणाली, "बाबाले डॉक्टरकडं न्या लागते." चकतीकडे पाहून म्हणाली, "दुकानातून आणली असन तुमी."

मग मी दुसरं काम केलं, जे मला येतं. भांडलो. माझी पाठ दुखते, मला गारवा लागतो, बापाला एक कोपरा देता येत नाही का? शेजारणी खिडकीतून पाहायला लागल्या. शेवटी तिने रागारागाने मशीन आतल्या खोलीत ओढली आणि समोरच्या खोलीतला लोखंडी पलंग आणून त्या जागेवर टाकला. गादी टाकली, हिरव्या पट्ट्यांची.

"घ्या. झोपा तुमी इथं. राजे आहात."

तेव्हापासून मी इथे आहे. काल मंगळवारी सकाळी नऊला हात खाली सोडला आणि बोटं फरशीला लावली. नऊ वाजून पाच मिनिटांनी आलं. बारीक थरथर, एकसारखी. घाई नाही. चांगला ड्रिलर आहे. जेवणाच्या वेळेला थांबतो.

पाचला थांबलं. सव्वापाचला नत्थूजीचा फोन.

"देवराव, मी पेटी नाही ठेवली, बरं. पोतंही उचललं होतं. पण परत आहे पोतं."

"काय आहे त्याच्यावर?"

"आधी काहीच नाही. दीडक फूट जागा मोकळी सोडून देल्ली. मग एक गुटका आहे, कोरा. त्याच्यावर काही लिहिलं नाही. मग..."

"बोल नं गा."

"कापूस आहे. गोल कापलेला. वर कापड. गादीवानी. हिरवे पट्टे हायेत त्याच्यावर. तुमी मस्करी करून राहिले का माझी, सांगा?"

फोन ठेवला. रोशनीच्या टेपने पलंगाची उंची मोजली. सत्तेचाळीस सेंटिमीटर, दीड फुटाला थोडं जास्त. गादी उचलून खालून-वरून पाहिली. भोक नाही. टाकासुद्धा उसवलेला नाही. मी चापट मारली. जिथे बसतो तिथे ती पोकळ वाजली. कापसाची गादी वाजत नाही.

रात्री घरी जाता आलं असतं. रात्री काम बंद असतं, हे मला माहीत आहे. पण सकाळी नऊच्या आत परत यायचं, तर बसचा काय भरवसा.

आज बुधवार. आठ वाजल्यापासून रोशनी तीन वेळा येऊन गेली. हातात कापलेले ब्लाउज आहेत, मान एका बाजूला झुकलेली. आतल्या खोलीत पत्र्याची भिंत तापते.

"उठता का बाबा? तुमच्यासाठी कूलर लावून देते समोर. मले बारा वाजेपर्यंत तरी बसू द्या इथं."

"नाही."

"जिद्दी माणूस," ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली. मशीनचं टेबल तिने दारापर्यंत आणून ठेवलं आहे. मी अंघोळीला उठलो तरी ती सरकवून टाकेल.

अंघोळ करणार नाही.

नऊ वाजून पाच मिनिटं झाली. आज हात खाली सोडायची गरज पडली नाही, बसल्या जागी समजतं आहे. बोलून चालून ड्रिलर आहे मी, कडक आहे की मऊ, ते मला समजतं. त्यालाही समजत असेल.

नत्थूजीला फोन करून सांगितलं, संध्याकाळी पाहशील ते कोणाला सांगू नको. आणि या नंबरावर सांगू नको, पाचनंतर फोन रोशनी उचलेल.